तपासणीताईंचे तीन दिवस

दादा गेल्याचा फोन आला तेव्हा बाई इस्त्री करत होत्या. रविवारची संध्याकाळ. आठवड्याचे कपडे एकदाच काढून ठेवायचे, अशी त्यांची जुनी सवय.

"आत्या, बाबा गेले," भाची म्हणाली. "दुपारी साडेतीनला."

बाईंनी इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं आणि विचारलं, "काय झालं होतं?"

"यकृत. आठ महिने चाललं होतं."

"आठ महिने?"

"तुला कळवायचं नाही म्हणाले होते. म्हणजे..." भाची अडखळली. "तूच सांगितलं होतंस म्हणाले. कळवू नका म्हणून."

ते खरं होतं. अकरा वर्षांपूर्वी आई गेली तेव्हा बाई लांबच्या शाळा तपासत फिरत होत्या. आईचं चार दिवस खालावत चाललं होतं, आणि ही कामात आहे, उगाच जिवाची धावपळ नको, म्हणून दादाने कळवलं नाही. बाई पोहोचल्या तेव्हा सगळं उरकलं होतं. आईच्या खोलीतली गादीसुद्धा उन्हात टाकून झाली होती. दारातच त्या दादाला म्हणाल्या, "मग यापुढेही मला काही कळवू नकोस."

दादा चष्मे बनवायचा. काचेच्या कडा घासून घासून चौकटीत बसवायच्या, केसभरही कमी-जास्त नाही, असा माणूस. त्याने ते वाक्यही तसंच घेतलं. मुलीचं लग्न ठरल्याचं बाईंना तिऱ्हाइताकडून कळलं. अकरा वर्षांत त्याने बहिणीचा शब्द मोडला नाही आणि बहिणीने तो मागे घेतला नाही.

"उद्या सकाळी नेणार आहेत," भाची म्हणाली. "येशील?"

"मंगळवारपासून तपासणी आहे."

उद्या सोमवार होता. दोघींनाही ते माहीत होतं. भाची म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

बाईंनी उरलेले तीन कपडे इस्त्री केले. मग रडू येईल म्हणून त्या थोडा वेळ खुर्चीवर बसून राहिल्या. आलं नाही. दात काढण्याआधी डॉक्टर सुई देतात आणि अर्धा ओठ आपला राहत नाही, तसं काहीतरी छातीत झालं होतं. दुखत नव्हतं, जागच्या जागी नुसतं जड होतं. त्यांनी गजर लावला आणि झोपल्या. झोपही लागली, याचं त्यांना सकाळी जरा नवल वाटलं.

सोमवारी त्या कार्यालयात गेल्या. कुणाला काही बोलल्या नाहीत. साहेबांनी मंगळवारच्या शाळेची फाईल पुढे सरकवली. मॉन्टेसरी पद्धतीची शाळा, सहा ते नऊ वर्षांचा वर्ग. मान्यता पुढे चालू ठेवायची की नाही हे ठरवायचं होतं.

"वेळापत्रक नाही, घंटा नाही, पाठ्यपुस्तकं नाहीत," साहेब म्हणाले. "मुलं म्हणे आपल्या मनाने शिकतात. आपल्या मनाने शिकतात तर शाळेत कशाला येतात?"

साहेबांनी ती शाळा बाहेरूनसुद्धा पाहिली नव्हती. उंटावरून शेळ्या हाकण्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. बाई एकोणतीस वर्षं या कामात होत्या. त्यांनी फाईल घेतली. आत नेहमीचाच तक्ता होता. भाषा, गणित, भूगोल, इतिहास, विज्ञान, कला, शारीरिक शिक्षण, असे सात रकाने. प्रत्येकात दोन प्रश्न: काय शिकवले, आणि किती मिनिटे.

*

मंगळवारी आठ वाजता बाई वर्गाच्या दारात उभ्या राहिल्या तर शिक्षिकाच दिसेना. चोवीस मुलं होती. कुणी चटईवर पालथं पडलेलं, कुणी खिडकीशी, दोघं हात धुवायच्या बुटक्या बेसिनपाशी ब्रश धूत होते. फळा होता तो कमरेएवढ्या उंचीवर. टेबल-खुर्ची मांडून समोर बसलेलं कुणी नव्हतं. मग एका कोपऱ्यात, एका मुलीच्या शेजारी जमिनीवर मांडी घालून बसलेली शिक्षिका उठली आणि आली. पस्तिशीची असेल. मुलं तिला ताई म्हणायची.

"वेळापत्रक मिळेल का?" बाईंनी विचारलं.

"सकाळी तीन तास काम. मग जेवण. मग परत काम," ताई म्हणाली.

"विषयवार?"

"विषयवार असं नाही, मॅडम. तुम्ही बसा. बघा. काही लागलं तर मुलांना विचारा. ती माझ्यापेक्षा नीट सांगतील."

बसायला खुर्ची दिली ती सहा वर्षांच्या मुलाच्या मापाची. बाईंचे गुडघे हनुवटीपर्यंत आले. मांडीवर तक्ता ठेवून त्यांनी पेन काढलं.

जवळच्या चटईवर आठेक वर्षांचा एक मुलगा कागदाच्या लांब पट्ट्या कापत होता. सगळं इतकं हळू चाललं होतं की एक पट्टी कापेपर्यंत शेजारच्या दोन मुली एक काम आवरून दुसऱ्याला लागल्या. त्याला सगळे कासव म्हणत, आणि तोही त्या नावाला ओ देत होता.

"हा कुठला विषय?" बाईंनी विचारलं.

"नद्या."

"म्हणजे भूगोल."

कासवाने विचार केला. "नाही. मोजणं आहे. शंभर किलोमीटरला एक सेंटिमीटर. ही सगळ्यात लांब नदी, ही तिच्यापेक्षा चार सेंटिमीटर कमी."

"म्हणजे गणित."

"मग प्रत्येक नदीवर मी लिहिणार आहे, ती कुठून निघते आणि तिच्या काठाने आधी कोण राहायला आलं. ताई म्हणाल्या, पहिली गावं नद्यांच्या काठाने झाली." त्याने कात्री खाली ठेवली. "पण का झाली ते त्या सांगत नाहीत. म्हणाल्या, शोध."

बाईंनी भूगोलात खूण केली, गणितात केली, इतिहासात केली, आणि भाषेत करताना त्यांचा हात थांबला. मिनिटं कशी वाटायची? त्यांनी मुलाला विचारलं, "किती वेळ चाललंय हे?"

"कालपासून," कासव म्हणाला.

दहाच्या सुमारास एका मुलीने कपाटातून मण्यांची साखळी काढली. दहा-दहा मण्यांच्या सोनेरी काड्या एकमेकींत ओवलेल्या, असे एकूण एक हजार मणी. ती खोलीत मावत नव्हती, म्हणून दोघींनी ती दोन्ही हातांवर पेलत बाहेर व्हरांड्यात नेली आणि भिंतीच्या कडेने अंथरली. दर दहाला एक चिठ्ठी, दर शंभराला एक मोठी चिठ्ठी. मोजणारी मुलगी सात वर्षांची होती, काडीसारखी बारीक, आणि बोलणं टोचणारं, म्हणून तिला टाचणी म्हणत. ती एकेका मण्याला बोट लावून मोजत रांगत पुढे सरकत होती.

"काड्या मोजल्यास तर लवकर होईल," बाई म्हणाल्या. "दहा, वीस, तीस."

"ते मला येतं," टाचणी मान वर न करता म्हणाली. "मला हजार किती लांब असतात ते बघायचंय. तुमच्यामुळे मी विसरले. दोनशे सत्तेचाळीस की अठ्ठेचाळीस?"

"अठ्ठेचाळीस," बाई म्हणाल्या. त्यांना खरोखर माहीत होतं. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून त्याही मनात मोजत होत्या.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी डबा उघडला आणि शेवटचा घास संपेपर्यंत जेवल्या. आज दादाला जाऊन दोन दिवस झाले, असं त्यांनी मुद्दाम मनाशी म्हणून पाहिलं. शेजारच्या टेबलावर एक मुलगा सांडलेलं पाणी पुसत होता. फडकं पिळायचं, पुसायचं, पुन्हा पिळायचं. तो किती नीट पिळतोय, एवढंच त्यांच्या मनात आलं.

दुपारी वर्गातला सगळ्यात धाकटा त्यांच्यापाशी आला. नुकताच सहा पूर्ण झालेला. पुढचे चार दात एकदमच पडलेले, म्हणून त्याचं नाव बोळकं. त्याच्या हातात दोन ताटल्या होत्या, दोन्हींत शाडूसारखी तपकिरी माती. एकीत मधोमध मातीचा गोळा, दुसरीत कडेने माती आणि मधे खळगा. त्याने तांब्याने दोन्हींत पाणी ओतलं.

"हे बेट, हे फरोवर," तो म्हणाला. दात नसल्याने त्याचा 'स' पळून गेला होता.

"छान."

"बेट उचलून इकडे ठेवलं की फरोवर बुजतं. तेवढंच अफतं." आणि त्याने ठेवून दाखवलं. पाणी ताटलीच्या कडेवरून बाईंच्या पायावर आलं. बोळक्याने शांतपणे फडकं आणलं.

निघताना बाईंनी तक्ता पाहिला. सातही रकान्यांत खुणा होत्या आणि मिनिटांच्या जागा रिकाम्या होत्या.

"तुम्ही शिकवता कधी?" त्यांनी ताईला विचारलं. रागाने नव्हे. तक्त्याला उत्तर हवं होतं.

"एकेकाला दहा मिनिटं. दोघा-तिघांना मिळून कधी पंधरा. मग बाजूला होते." ताई चटया गुंडाळून टोपलीत उभ्या करत होती. "दहा मिनिटं शिकवायला मला सहा महिन्यांत आलं, मॅडम. बाजूला व्हायला सात वर्षं लागली."

*

बुधवारी सकाळी मुलं त्यांना तपासणीताई म्हणू लागली होती. बोळक्याने आल्या आल्या त्यांना त्यांची खुर्ची आणून दिली.

साडेनऊला टाचणी एक डबी घेऊन त्यांच्या पुढ्यात बसली. डबीत लाल अक्षरांच्या चिठ्ठ्या, आणि बाजूला कागदाची कापलेली दोन प्रकारची चिन्हं: काळे त्रिकोण आणि लाल गोल.

"ताई म्हणाल्या, मी हे कुणालातरी शिकवायला तयार आहे," टाचणी म्हणाली. "बाकी सगळे कामात आहेत. तुम्ही रिकाम्या आहात."

"बरं," बाई म्हणाल्या.

"काळा त्रिकोण म्हणजे नाम. नाम जड असतं. ठेवलं की तिथेच बसतं. लाल गोल म्हणजे क्रियापद. ते बॉलसारखं असतं, त्याला पळायचं असतं. आता मी म्हणते, तो ढग घेऊन या."

बाईंनी खिडकीकडे पाहिलं. "ढग कसा आणणार?"

"तेच. नाम असून उपयोग नाही, करता यायला हवं. आता चिठ्ठी काढा. वाचायची, करायची, मग तिच्यावर लाल गोल ठेवायचा. झालं नाही तर गोल ठेवायचा नाही."

बाईंनी पहिली चिठ्ठी काढली. 'वाक.' खुर्चीतून उठून त्या वाकल्या. कंबर कटकन वाजली. टाचणीने गोल ठेवला. दुसरी 'शिंक.' त्यांनी खोटं शिंकून दाखवलं. टाचणीला ते पटलं नाही, पण तिने गोल ठेवला. तिसरी चिठ्ठी होती 'बोलाव.'

"कुणाला?" बाईंनी विचारलं.

"ते चिठ्ठीत नसतं. ते तुमचं तुम्ही ठरवायचं."

बाईंनी जे नाव आधी जिभेवर आलं ते घेतलं. त्यात त्यांचा काही हेतू नव्हता. "दादा," त्या म्हणाल्या.

"हळू बोललात. त्याला ऐकू जायला हवं."

"दादा," बाई पुन्हा म्हणाल्या, जरा मोठ्याने. "दादा, ये."

खोलीच्या पलीकडच्या टोकाला कासव उठला. हातातली पट्टी नीट खाली ठेवून, चटयांच्या मधून, कुणाच्या कामावर पाय न देता तो चालत आला. त्याची धाकटी बहीणही त्याच शाळेत होती. दादा म्हटलं की ओ द्यायची त्याला सवय होती. "मला बोलावलं?"

"तुला नाही," टाचणी म्हणाली. "त्यांचा दादा वेगळा आहे."

"कुठे आहे?"

"तो येणार नाही," बाई म्हणाल्या.

"का?"

"नाही येणार."

कासवाने ते उत्तर म्हणून घेतलं आणि तो तिथेच बसला. टाचणी लाल गोल बोटांत धरून चिठ्ठीकडे पाहत होती. "मग ठेवायचा की नाही? आला नाही म्हणजे झालंच नाही."

कासवाने नेहमीसारखी सावकाश चिठ्ठी वाचली. मग म्हणाला, "बोलावलं ना त्यांनी. मी ऐकलं. बोलावणं झालं. येणं हे दुसरं क्रियापद आहे. ते त्याचं."

टाचणीने डोक्यात ते उलटसुलट करून पाहिलं. मग मान हलवली आणि चिठ्ठीवर गोल ठेवला. "पुढची काढा," ती म्हणाली.

पुढची 'पुस' होती. बाईंनी टेबल पुसलं.

डबी संपल्यावर त्यांनी तक्त्यात लिहिलं: भाषा, क्रियापद, अकरा मिनिटे. पहिल्यांदाच मिनिटांची जागा भरली गेली. अक्षर नेहमीसारखंच सरळ आलं होतं. डाव्या हाताची बोटं मात्र गार पडली होती. त्यांनी ती मांडीखाली दाबून धरली. खोलीत गारवा असेल, असं त्यांना वाटलं.

जेवणानंतर ताईने मोठ्या काळ्या कापडाची, दांडीवर गुंडाळलेली वळकटी काढली. पृथ्वीचं वय दाखवायला. तीस मीटर लांब कापड, सगळं काळं, आणि शेवटच्या टोकाला एक लाल दोरा शिवलेला. एक मूल दांडीचं एक टोक धरणार, दुसरं मूल दुसरं. धरणारी एक मुलगी त्या दिवशी आजारी होती.

"तपासणीताई धरतील," बोळकं म्हणालं.

बाईंनी दांडीचं टोक धरलं. व्हरांड्याच्या एका टोकापासून कापड उलगडत त्या कासवाच्या बरोबरीने मागे मागे चालू लागल्या. मुलं कडेने पावलं टाकत येत होती. ताई अगदी थोडं बोलत होती. इथे सगळं नुसतं तापलेलं होतं. इथे पाऊस सुरू झाला. इथे पहिलं जिवंत काहीतरी, डोळ्यांना न दिसणारं. मग पुन्हा काळं कापड, काळं कापड. व्हरांडा संपला तेव्हा मैदानात उतरावं लागलं.

"अजून माणूस नाही आला?" बोळक्याने विचारलं.

"नाही."

"आई नाही? आजी नाही?"

"कुणीच नाही."

दांडी मोकळी झाली तेव्हा लाल दोरा दिसला, माणसांचा सगळा काळ तेवढाच. मुलं त्याच्याभोवती उकिडवी बसली. एकाने बोट लावून पाहिलं, दोरा बोटाच्या जाडीपेक्षा कमी होता.  मग टाचणीने विचारलं, "हा शिवला कुणी?" ताई म्हणाली, "माझ्या सासूबाईंनी." बाईही तो दोराच पाहत होत्या. टाके मशीनचे होते, एकसारखे, मागून गाठ न दिसणारे. एवढं लांब कापड मशीनखालून काढायचं तर एकीने शिवायचं आणि दुसरीने पुढे धरून बसायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

*

गुरुवारी तिसरा आणि शेवटचा दिवस. सकाळी कासवाच्या नद्या भिंतीवर लागल्या होत्या, वीस निळ्या पट्ट्या. प्रत्येकीखाली चार ओळी. सर्वांत छोट्या नदीखाली त्याने लिहिलं होतं, 'हिच्या काठी कोण आलं ते मला सापडलं नाही. अजून शोधत आहे.' टाचणी पानांच्या कडा तपासत होती. करवतीसारखी कड, लाटांसारखी कड. बोळकं एका मोठ्या मुलाकडून वजाबाकी शिकत होतं आणि हातचा घेताना दर वेळी 'देऊ का परत?' विचारत होतं.

साडेदहाला ताई बाईंच्या शेजारी जमिनीवर येऊन बसली. तिच्या हातात वही होती. रोज प्रत्येक मुलाबद्दल एक-दोन ओळी, जे दिसलं तेवढंच, मत नाही. बाईंनी पानं चाळली. 'आज चाळीस मिनिटं खिडकीशी बसला. नंतर भागाकार घेतला.' 'आज दोनदा रडली. कारण सांगितलं नाही. विचारलं नाही. जेवली.'

"मॅडम," ताई हळू आवाजात म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला बरं नाहीये का? तीन दिवस तुम्ही सगळं बघताय. पण चेहऱ्यावर काही..." तिने वाक्य सोडून दिलं.

"माझा भाऊ गेला," बाई म्हणाल्या. "रविवारी."

"या रविवारी?"

"हो."

 ताईने मुलं विचारतात तसंच सरळ विचारलं, "मग तुम्ही इथे कशा?"

"तपासणी होती."

"आम्ही कुठे पळून चाललो होतो?"

त्यात टोमणा नव्हता.  एकोणतीस वर्षांत कुठलीही शाळा कुठे पळून गेली नव्हती. अकरा वर्षांपूर्वी त्या तपासत होत्या ती शाळासुद्धा नाही. ती अजून तिथेच होती. मागच्या वर्षी तिचं छप्परही बदललं होतं.

त्यांनी तिथेच बसून अहवाल लिहिला. तक्त्यातल्या सात रकान्यांवर एक आडवी रेघ मारली आणि मागच्या कोऱ्या पानावर तीन दिवसांत जे पाहिलं ते लिहून काढलं. नदीची पट्टी कापणारा मुलगा, हजार मणी बोटाने मोजणारी मुलगी, बेट आणि सरोवर, काळं कापड. शेवटी लिहिलं, 'मुले शिकत आहेत. विषय वेगळे काढता आले नाहीत. मान्यता चालू ठेवावी.' सही केली. पुढे दोन महिन्यांनी ती मान्यता मिळाली, पण वर्गात वेळापत्रक लावलेच पाहिजे अशी साहेबांनी अट घातली. ताईने लावलं. सकाळ: काम. दुपार: काम. खाली मुलांनी रंगीत वेलबुट्टी काढली होती.

बाराची बस होती. बाई घरी गेल्या नाहीत. अंगावरच्या कपड्यांनिशी, पर्स आणि रिकामा डबा घेऊन त्या बसल्या. पाच तासांचा रस्ता. शेजारी एक म्हातारी कोंबड्यांच्या खाद्याबद्दल बोलत होती. बाई हो-हो म्हणत राहिल्या.

वहिनीने दार उघडलं. अकरा वर्षांत ती बुटकी झाली होती. ती बाजूला झाली, बाई आत आल्या. भाची स्वयंपाकघरात होती.

"जेवलीस?" वहिनीने विचारलं.

"सकाळी."

वहिनीने ताट वाढलं. बाई जेवत असताना ती समोर बसून होती. मग म्हणाली, "मी दोनदा फोन हातात घेतला होता. त्याने काढून घेतला. म्हणाला, तिला शब्द दिलाय."

"मी शब्द मागितला नव्हता, वहिनी."

"मग काय मागितलं होतंस?"

बाईंनी घास गिळला. खरं म्हणजे त्या दिवशी दारात त्यांना एवढंच हवं होतं की दादाने म्हणावं, चुकलं माझं. तो म्हणाला नाही. तो म्हणाला होता, बरं. हे त्यांना वहिनीला सांगता आलं असतं, पण सांगून तरी काय.

"तुमचं काही चुकलं नाही," त्या म्हणाल्या.

"माझं नाहीच चुकलं," वहिनी म्हणाली. "तुम्ही दोघं सारखीच. एक बोलून बसली, एक ऐकून बसला." तिने बाईंच्या ताटात आणखी भात वाढला. बाईंनी तो संपवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाचीने दुकान उघडलं. घरापासून दोन गल्ल्या पलीकडे, आठ फुटांची जागा. काउंटर, आरसा, मागे घासायचं यंत्र. काउंटरच्या खणांत तयार चष्मे होते. प्रत्येकाला रबराने चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर दादाच्या अक्षरात गिऱ्हाइकाचा फोन नंबर. एकतीस चष्मे. आजारपणातही जमेल तसं तो करत राहिला होता. न्यायला सांगणं तेवढं राहून गेलं होतं.

"लोकांना कळवायला हवं," भाची म्हणाली. "मी काल दोन फोन केले. मला नाही होत, आत्या. ते आधी बाबांनाच मागतात."

बाईंनी दादाच्या स्टुलावर बैठक मारली. पहिला नंबर लावला.

"चष्म्याच्या दुकानातून बोलतेय. तुमचा चष्मा तयार आहे."

"अहो, किती दिवस," पलीकडून एक म्हातारा म्हणाला. "जरा भाऊंना द्या, त्यांना मी चांगलं झापतो."

"ते गेले. रविवारी."

 "मग चष्मा कुणी केला?"

"त्यांनीच. आधी करून ठेवलाय. घेऊन जा."

दुसरा फोन, तिसरा, चौथा. एकजण न बोलता ठेवून मोकळा झाला. एका शिक्षकाने दादाचं वय विचारलं आणि ते ऐकून आपलंही सांगितलं. एकीने तिथेच रडायला सुरुवात केली, आणि बाई तिला म्हणाल्या, "शांतपणे या, घाई नाही. दुकान सहापर्यंत उघडं आहे." आवाज कार्यालयातला होता, तक्ता वाचतानाचा. भाची चिठ्ठ्यांवर खुणा करत होती.

नवव्या फोनवर एक म्हातारी होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "तुम्ही कोण? मुलगी का?"

"बहीण."

"त्यांना बहीण होती? मी वीस वर्षं चष्मा नेतेय, कधी बोलले नाहीत हो."

"नाही," बाई म्हणाल्या. "आमचं..."

पुढचा शब्द निघाला नाही.   तोंड उघडत होतं, आवाज येत नव्हता. फोनमधून ती म्हातारी "हॅलो, हॅलो" करत होती. भाचीने त्यांच्या हातातून फोन अलगद काढून घेतला. "हो, आजी. आत्या आहे माझी. हो, धाकटी. लांब असते. कालच आली." आणि दुकानाची वेळ सांगून तिने ठेवला.

बाई स्टुलावर बसून राहिल्या.   भाचीने पाण्याची बाटली उघडून पुढे ठेवली. काही विचारलं नाही.

"किती राहिले?" काही वेळाने बाईंनी विचारलं. आवाज घोगरा होता.

"वीस. दुपारनंतर करू, आत्या."

"नाही," बाई म्हणाल्या. "तू नंबर लाव. मी बोलते."